सान हुआन पायी बघायचं तर चढ आधी, गल्ल्या नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक निवृत्त जोडपं, काका ६६ आणि काकू ६२, जानेवारीत मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहे. मुलीने मायामीहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली आहेत. वाटेत पोर्तो रिकोतलं सान हुआन बंदर लागतं. जहाज दुपारी एकला धक्क्याला लागणार, रात्री नऊला सुटणार. जहाजावरची टूर महाग आहे, काकूंचा उजवा गुडघा कुरकुरतो, दोघंही शाकाहारी. काकांनी विचारलंय, "आपलेआपण हिंडलो तर जमेल का? आणि काय सोडलं तर चालेल?"

जमेल. किंबहुना कॅरिबियनमधल्या ज्या बंदरांत मी उतरलो, त्यांत बिनटूरचं बघायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही. जुनं शहर धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर सुरू होतं आणि तीन-साडेतीन किलोमीटरच्या फेरीत संपतं. पण वेळेचं गणित चुकलं तर किल्ल्याचे दरवाजे बंद झालेले बघून परत यावं लागतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी सोळा वर्षं क्रूझ जहाजांच्या डायनिंगमध्ये काढली. दुपारचं जेवण आवरल्यावर आणि रात्रीच्या जेवणाची तयारी सुरू होण्याआधी आम्हाला तीन तासांची मोकळीक मिळायची, आणि त्या तीन तासांत सान हुआन मी किती वेळा पायाखाली घातलं त्याला मोजदाद नाही. टूर घ्यायची ऐपत नव्हती आणि तेवढा वेळही नव्हता. बाकीची मंडळी वायफायवर घरी बोलायला एखादं कॉफीचं दुकान गाठायची. मी तटावर जायचो, कारण माझं गाव रेवदंडा. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला बघत वाढलो. त्या कोर्लईच्या डोंगराला पोर्तुगीज 'मोरो' म्हणत, म्हणजे समुद्रात घुसलेलं टेकाड. सान हुआनच्या मोठ्या किल्ल्याचं नावही 'एल मोरो'च. पहिल्यांदा फलकावर ते वाचलं तेव्हा मला शेजारचं कुणीतरी परदेशात भेटल्यासारखं झालं होतं.

तुमची फेरी धक्क्यावर नाही, जहाजावरच सुरू होते. बाराच्या सुमाराला सगळे जेवणाच्या रांगेत असतात. तुम्ही तेव्हा वरच्या डेकवर डाव्या बाजूला उभे राहा. जेवण नंतर मिळतं, खाडीचं तोंड नाही. जहाज उत्तरेकडून खाडीत शिरतं आणि डाव्या हाताला एल मोरो अगदी अंगावर आल्यासारखा दिसतो. पाण्यापासून सुमारे १४० फूट उंच, एकावर एक सहा पातळ्या, प्रत्येक पातळीवर तोफांची तोंडं. उजवीकडे पलीकडच्या किनाऱ्यावर एक चिमुकला चौकोनी किल्ला दिसेल, तो एल कान्युएलो. दोघांच्या मधून जाणाऱ्या जहाजावर दोन्हीकडून मारा. हे एकदा समुद्रातून बघितलं की हे शहर इथेच का वसवलं आणि त्यासाठी एवढा दगड का रचला, ते गाइडने वेगळं सांगावं लागत नाही.

आता थोडा इतिहास, कारण वाट त्याच्यावरूनच ठरते. हुआन पोन्से दे लेऑन या स्पॅनिश सरदाराने १५०८ मध्ये कापारा नावाची वसाहत आत, दलदलीजवळ वसवली होती. ती जागा सोयीची नव्हती, म्हणून १५२१ मध्ये वस्ती खाडीच्या तोंडाशी असलेल्या या छोट्या बेटावर हलवली. मेक्सिको आणि पेरूची चांदी घेऊन जहाजं स्पेनला जात, आणि अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमध्ये येताना गोडं पाणी व सुरक्षित बंदर मिळणारं हे पहिल्या मोठ्या ठिकाणांपैकी एक. म्हणजे ज्याच्या हाती सान हुआन, त्याच्या हाती दाराची किल्ली. एल मोरोचं काम १५३९ मध्ये सुरू झालं. १५९५ मध्ये इंग्रजांचा फ्रान्सिस ड्रेक आला. तेव्हा बंदरात एका नादुरुस्त जहाजातून उतरवलेला मोठा खजिना होता. किल्ल्यावरचा एक गोळा थेट ड्रेकच्या केबिनमध्ये घुसला, तो स्वतः वाचला पण त्याची माणसं मेली, आणि त्याला हात हलवत परत जावं लागलं.

तीन वर्षांनी, १५९८ मध्ये, इंग्रज सरदार, कंबरलंडचा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड आला. तो ड्रेकपेक्षा शहाणा निघाला. समुद्राच्या तोंडाशी डोकं आपटण्याऐवजी तो पूर्वेकडे उतरला आणि जमिनीवरून चालत आला. शहर पडलं, एल मोरोही पडला. पण त्याच्या सैन्यात हगवण पसरली आणि थोड्याच आठवड्यांत त्याला गाशा गुंडाळावा लागला. १६२५ मध्ये डच सेनापती बाउदेवेन हेंड्रिक्स एल मोरोच्या तोफांखालून सरळ खाडीत शिरला, शहर घेतलं, किल्ला काही पडेना म्हणून जाताना शहर जाळून गेला. एवढे दोन फटके बसल्यावर स्पेनला कळलं की तोंड बंद करून भागत नाही, पाठही झाकायला हवी. म्हणून पूर्वेच्या बाजूला सान क्रिस्तोबाल हा दुसरा किल्ला उभा राहिला. १६३४ ला सुरुवात, आणि १८व्या शतकात तोमास ओ'डेली नावाच्या स्पेनच्या चाकरीतल्या आयरिश इंजिनिअरने त्याला आजचं रूप दिलं. स्पेनने अमेरिका खंडात बांधलेला हा सगळ्यात मोठा किल्ला. पैसा आला मेक्सिकोच्या खजिन्यातून, आणि घाम सैनिकांचा, कैद्यांचा आणि गुलामांचा. पोर्तो रिकोत गुलामगिरी १८७३ मध्ये संपली, म्हणजे या भिंतीतला बहुतेक दगड त्याआधीचा.

तर आता तुमची वाट. एकला जहाज लागलं तरी उतरायला पावणेदोन होतात हे धरून चला. किल्ले दुपारी साडेचारच्या आसपास बंद होतात. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावर बघून घ्या. दोन्ही किल्ल्यांना मिळून एकच तिकीट, मोठ्या माणसाला १० डॉलर. पावती टाकून देऊ नका, दुसऱ्या दारावर तीच दाखवायची असते. कार्ड जवळ ठेवा. व्हिसाची चिंता नको, पोर्तो रिको अमेरिकेच्याच अखत्यारीत आहे, तुमचा अमेरिकेचा व्हिसा इथे चालतो. मात्र वाटेत इतर देशांची बंदरं असतील तर तो मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे मुलीकडून आधीच तपासून घ्या.

बहुतेक लोक धक्क्यावरून उतरले की समोरच्या दुकानांच्या गल्ल्यांमध्ये शिरतात. दागिने, टी-शर्ट, मॅग्नेट. तासभर तिथे जातो आणि मग किल्ल्याकडे धापा टाकत निघतात. तुम्ही उलटं करा. गल्ल्या रात्री नऊपर्यंत तिथेच असतात, किल्ला नसतो.

जुनं शहर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातं. धक्का तळाला, किल्ले माथ्यावर. धक्क्याबाहेरून टॅक्सी करा, भाडं बसण्याआधी विचारा, आणि सान क्रिस्तोबालच्या दाराशी उतरा. तो तसा चालत दहा-बारा मिनिटांवर आहे, पण चढ आहे आणि काकूंचा गुडघा तिथेच वाचवायचा. एक मात्र जहाजावर विचारून घ्या की कोणत्या धक्क्याला लागणार. काही जहाजं जुन्या शहराला लागून असलेल्या धक्क्यांवर न लागता खाडीच्या दुसऱ्या बाजूच्या पॅन अमेरिकन पिअरला लागतात. तसं असेल तर तिथून टॅक्सीच हवी.

दोन्ही किल्ल्यांतला एकच बघता येणार असेल तर कोणता? सगळे सांगतील एल मोरो, कारण फोटो त्याचा चांगला येतो. मी सांगेन सान क्रिस्तोबाल. एल मोरो बाहेरून भव्य आहे, आणि तो तुम्ही जहाजावरून बघितलेलाच असेल. सान क्रिस्तोबाल आत शिरल्याशिवाय कळत नाही. मुख्य तटापुढे दुसरा तट, त्यापुढे तिसरा, मध्ये कोरडे खंदक. शत्रूने पहिला घेतला तरी तो मागच्या उंच तटाच्या तोफांखाली सापडतो. भुयारं आहेत, थंडगार, आणि उन्हातून आल्यावर तिथे पाच मिनिटं टेकावंसं वाटतं. एका अंधारकोठडीच्या भिंतीवर जुन्या शिडाच्या जहाजांची चित्रं काढलेली आहेत. फाशीची वाट बघणाऱ्या एका कॅप्टनने ती काढली असं सांगतात. कॅप्टनचं खरं-खोटं देव जाणे, पण ज्याने काढली त्याने दोरखंड न् दोरखंड जागच्या जागी ठेवलाय. दर्यावर्दी माणसाचाच हात.

मुख्य चौकाच्या खाली पाण्याच्या पाच प्रचंड टाक्या आहेत. जुनं शहर ज्या छोट्या बेटावर आहे तिथे नदी नाही, म्हणून पावसाचं पाणी चौकातून गोळा करून खाली साठवायचं. आपला सिंधुदुर्ग या बाबतीत नशीबवान, चहूकडे खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या विहिरी आत. इथे तसं काही नव्हतं, सगळं आभाळावर. दुसऱ्या महायुद्धात याच टाक्यांचा बॉम्बपासून आसरा म्हणून विचार केला होता. वर तटावर करड्या रंगाच्या काँक्रीटच्या खोल्या दिसतील, त्याही त्याच काळातल्या, अमेरिकन सैन्याने टेहळणीसाठी बांधलेल्या. १८९८ मध्ये स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध झालं, त्यात अमेरिकेविरुद्ध पोर्तो रिकोतली पहिली तोफ याच किल्ल्यावरून सुटली, १० मे रोजी. दोनच दिवसांनी अमेरिकन आरमाराने शहरावर गोळे टाकले आणि वर्ष संपायच्या आत पोर्तो रिको स्पेनच्या हातातून गेलं. आज त्याच तटावर तीन झेंडे शेजारी शेजारी फडकतात, अमेरिकेचा, पोर्तो रिकोचा आणि लाल फुलीचा जुना स्पॅनिश लष्करी झेंडा. तिन्हींकडे बघून पोर्तो रिकन माणसाच्या मनात काय येतं हे विचारू नका. मी एकदा एका रेंजरला विचारलं होतं. तो हसला आणि म्हणाला, "वारा तिघांना सारखाच लागतो."

समुद्राच्या बाजूला खाली, तटाच्या टोकाला एकटी दगडी चौकी दिसेल. अशा गोल चौक्यांना गारिता म्हणतात, शहराची ती खूणच आहे. ही 'सैतानाची गारिता'. रात्री तिथे पहाऱ्यावर असलेला शिपाई गायब झाला, मागे फक्त कपडे आणि बंदूक सापडली, अशी कथा. शहाणी माणसं म्हणतात तो प्रेयसीबरोबर पळून गेला. सोळा वर्षं जहाजावर काढल्यावर माझं मत शहाण्यांच्या बाजूला आहे.

सव्वातीनला इथून निघा. दाराबाहेर काये नोर्सागाराय हा रस्ता समुद्राच्या कडेने पश्चिमेला एल मोरोकडे जातो, साधारण दीड किलोमीटर. चढ-उतार आहेत पण फार नाहीत, वारा सतत तोंडावर. गुडघा बोलायला लागला तर इथेही टॅक्सी करा. उजव्या हाताला तटाच्या खाली, समुद्राला चिकटून रंगीबेरंगी घरांची वस्ती दिसेल, ती ला पेर्ला. कत्तलखाना, स्मशान आणि ज्यांना तटाच्या आत राहायला जागा नव्हती अशी माणसं, सगळं भिंतीबाहेर ढकललं गेलं, त्यातून ही वस्ती झाली. आज तिथे हॉटेलं आहेत, पर्यटकही उतरतात. पण ते लोकांचं घर आहे, दारात बसलेल्या आजीवर न विचारता कॅमेरा रोखू नका. तुमच्याकडे वेळ कमी आहे, वरूनच बघा. पुढे तटाबाहेरच सांता मारिया माग्दालेना हे १८६३ चं स्मशान लागतं. पांढऱ्या संगमरवरी थडग्यांचं, अटलांटिककडे तोंड केलेलं. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं तुरुंगवास भोगलेले पेद्रो आल्बिसू काम्पोस तिथे आहेत. वरच्या कठड्यावरून ते अख्खं दिसतं आणि तिथे दोन मिनिटं उभं राहिलं तरी पुरे.

एल मोरोच्या दारापर्यंत गाडी जात नाही. रस्त्यापासून दारापर्यंत मोठं हिरवं मैदान आहे, चारशे मीटर, एक झाड नाही. टोपी आणि पाण्याची बाटली इथे लागते. हे मैदान मोकळं ठेवलं ते चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. पुढे अमेरिकन लष्कराने त्यावर गोल्फचं मैदान केलं होतं. लष्कर १९६१ मध्ये गेलं आणि आता तिथे पोरंसोरं पतंग उडवतात, त्यांच्या बोलीत 'चिरिंगा'. अटलांटिकचा वारा असा की पतंगाला ढील द्यावी लागत नाही, तोच मांजा ओढून घेतो. संक्रांतीच्या आसपास पोचलात तर काकांनी एक विकत घेऊन उडवायला हरकत नाही.

आत गेल्यावर वरच्या चौकात आणि समुद्राकडच्या तटावर फिरा. खालच्या पातळ्यांकडे उतरणारा लांब उतार आणि जिने बरेच उभे आहेत, काकूंनी तिथे हट्ट करू नये. वरून जे दिसतं त्यात काही कमी पडत नाही. दीपगृह १९०८ चं आहे, त्याआधीचं १८९८ च्या तोफगोळ्यांत गेलं. भिंतींची जाडी काही जागी पाच-सहा मीटर आहे, दगडाला हात लावून बघा, वालुकाश्म आणि चुना. आपल्याकडच्या काळ्या पत्थराच्या तुलनेत मऊ. खारा वारा तो रोज थोडा थोडा खातो आणि पार्कची माणसं चुन्याने रोज थोडा थोडा बुजवतात. तटावर हिरवे इग्वाना ऊन खात पडलेले असतात. आपल्या घोरपडीची आठवण होते. काकू दचकतील, पण ते बिचारे माणसालाच घाबरतात.

किल्ला बंद व्हायला आला की बाहेर या. इथून पुढे घड्याळाची घाई संपते, सगळा उतार आहे आणि सगळं फुकट. मात्र उतारच गुडघ्याला जास्त छळतो, तेव्हा सावकाश. आणि पायांखाली बघून चाला. या गल्ल्यांना निळसर फरशा बसवलेल्या आहेत, 'आदोकिनेस'. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या विटा, युरोपातून जहाजांचं तळाचं ओझं म्हणून आल्या असं सांगतात. ऊन असताना सुंदर दिसतात, पावसाची सर पडली की साबण. आणि सर इथे न सांगता येते, दहा मिनिटं कोसळते आणि निघून जाते. मी एकदा गुळगुळीत तळव्याचे ड्यूटीचे काळे बूट घालूनच धावत सुटलो होतो आणि काये देल क्रिस्तोच्या उतारावर असा आपटलो की दोन दिवस ट्रे डाव्या हाताने उचलला. रबरी तळव्याचे बूट घाला, चप्पल नको.

मैदानातून खाली आलात की सान होसे चर्चचा चौक लागतो. हे चर्च १५३२ मध्ये बांधायला घेतलं, आत गॉथिक कमानी आहेत. अमेरिका खंडात त्या शैलीचं इतकं जुनं काम फार थोडं उरलंय. वीसेक वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२१ मध्ये उघडलं. मी नोकरीत असताना ते नेहमी बंद दारच बघितलं, तुम्हाला उघडं मिळालं तर माझ्या वतीनेही आत जाऊन या. चौकात पोन्से दे लेऑनचा पुतळा आहे. १७९७ मध्ये इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तो फसला, आणि त्यांच्या हस्तगत केलेल्या तोफा वितळवून हा ओतला असं म्हणतात. २०२२ च्या जानेवारीत स्पेनचा राजा यायच्या दिवशीच कुणीतरी तो पाडला आणि महापालिकेने लगेच पुन्हा उभा केला. आपल्याकडे पुतळ्यांचं राजकारण असतं, तसं तिथेही.

त्या १७९७ च्या हल्ल्याचा सेनापती होता राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट त्याआधी १७९० ते १७९२ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. एक भाऊ आपल्या किनाऱ्यावर, दुसरा इथे. जग तेव्हाही लहानच होतं, फक्त पोचायला सहा महिने लागायचे.

काये देल क्रिस्तोने खाली उतरत कॅथेड्रलपाशी या. आत डाव्या बाजूला पोन्से दे लेऑनचं संगमरवरी थडगं आहे. गंमत म्हणजे त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'कासा ब्लांका' हा वाडा इथून जवळच आहे, पण तो त्यात एक दिवसही राहिला नाही. फ्लोरिडात लागलेल्या जखमेने तो १५२१ मध्येच हवानात मेला, वाडा झाला कुटुंबासाठी. वेळ नसेल तर कासा ब्लांका खुशाल सोडा. कबुतरांची बाग सोडा. क्रिस्तोच्या टोकाचं चिमुकलं देऊळवजा चॅपल बाहेरून दिसलं तर बघा, नाहीतर तेही सोडा. म्युझियमं तर सोडाच, जानेवारीतली संध्याकाळ काचेच्या कपाटांपुढे घालवायची नसते.

कॅथेड्रलच्या समोरून कालेता दे सान हुआन ही गल्ली सरळ खाली लाल दरवाजाकडे जाते. हे दार आणि कॅथेड्रल एका रेषेत आहेत, ते मुद्दाम. स्पेनहून आलेला गव्हर्नर किंवा बिशप नावेतून इथे उतरायचा, दारातून आत आला की सरळ वर चालत देवापुढे, सुखरूप पोचवलंस म्हणून. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, देवाच्या नावाने येणारा धन्य असो. साधारण १६३५ चं दार आहे. शहराला अशी बरीच दारं होती, बाकीची पाडली गेली. पूर्वेकडची अख्खी भिंतच १८९७ मध्ये वाढत्या वस्तीला जागा करायला पाडली, आणि बरोबर पुढच्या वर्षी युद्ध आलं.

दाराच्या आतच थोडं वर एक छोटा चौक आहे, तिथे ला रोगातिवा हे काळपट धातूचं शिल्प आहे. बिशप आणि मशाली घेतलेल्या बायका. १७९७ च्या वेढ्यात रात्री बायकांनी मशाली घेऊन प्रार्थनेची मिरवणूक काढली, इंग्रजांना वाटलं नवी कुमक आली, आणि ते निघून गेले, अशी आख्यायिका. आपल्याकडे बैलांच्या शिंगांना पलिते बांधल्याच्या गोष्टी सांगतात, त्याच जातीची ही.

दारातून बाहेर पडलात की तुम्ही तटाच्या पायथ्याला, पाण्याच्या कडेला. इथून उजवीकडे पासेओ देल मोरो ही पायवाट किल्ल्याच्या बुडापर्यंत जाते. सावध राहा, ती पुढे बंद आहे. वर किल्ल्यात चढत नाही, गेलात तेवढंच परत यावं लागतं, एका बाजूने किलोमीटरच्या वर. पहिल्या वर्षी मी हिच्यावरून वर निघू अशा भरवशावर टोकापर्यंत गेलो आणि मग ड्यूटीसाठी तेवढंच पळत मागे आलो. तुम्ही शंभर-दोनशे पावलं जा, मान वर करून चाळीस फुटी भिंत बघा, तिथल्या मांजरांना बघा, आणि बाकावर बसा. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमाराला खाडीपलीकडे मावळतो आणि अख्खी भिंत विटकरी होते.

इथून डावीकडे वळून भिंतीच्या कडेने पासेओ दे ला प्रिन्सेसावरून सपाट रस्त्याने धक्क्याकडे चालत जाता येतं. डोक्यावर जो निळसर-पांढरा वाडा दिसतो तो ला फोर्तालेसा. १५४० मध्ये पुरा झाला, आणि आजही गव्हर्नर त्यातच राहतो. अमेरिका खंडात इतका काळ सतत वापरात असलेलं राज्यकर्त्याचं दुसरं निवासस्थान नाही. हा वाडा आणि दोन्ही किल्ले मिळून १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तुमच्यासारख्यांना जास्त रंजक वाटेल ते हे की २०१९ च्या जुलैमध्ये याच्या दारातल्या गल्लीत लोकांनी रोज रात्री ठिय्या दिला आणि गव्हर्नर रिकार्दो रोसेयोला राजीनामा द्यावा लागला.

आता पोटाचं. पासेओवर हातगाडीवाले 'पिरागुआ' विकतात. म्हणजे आपला बर्फाचा गोळा, कपात, टोकदार शंकूसारखा रचलेला. त्यात चिंचेचं सरबत मागा, तिथे चिंचेला 'तामारिंदो' म्हणतात. जेवणाचं मात्र सांभाळून. त्यांचा 'मोफोंगो' म्हणजे राजेळीसारखी कच्ची केळी तळून लसणाबरोबर लाकडी खलात कुटलेली. ऐकायला शाकाहारी, पण त्यात डुकराच्या तळलेल्या चामडीचे तुकडे बऱ्याचदा असतात. भातात 'गांदुलेस' असतात, ती आपली ओली तूर बरं का, पण भातही हॅमवर शिजतो, आणि उसळही. 'सिन कार्ने, सिन हामोन' एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको, हॅम नको. सगळ्यात बिनधोक म्हणजे 'तोस्तोनेस', चपटी करून दोनदा तळलेली केळी. चहा मागू नका, पस्तावाल. कॉफी घ्या, ती पोर्तो रिकोच्या डोंगरातली आहे.

दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, तारीख. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काये सान सेबास्तियानचा उत्सव असतो, चार दिवस. आपल्या विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी होते, गाड्या बंद, आणि जुन्या शहरात हलायला जागा नसते. तुमची तारीख त्यात येत असेल तर वरची टॅक्सीची योजना विसरा, फक्त सान क्रिस्तोबाल चालत गाठा आणि लवकर परत या. दुसरी, घड्याळ. हिवाळ्यात सान हुआन मायामीच्या एक तास पुढे असतं. तुमचा फोन आपोआप तिथली वेळ दाखवेल, जहाज कदाचित मायामीचीच वेळ चालवेल. काही वेळा उलटंही होतं. उतरताना गँगवेवर जी वेळ लिहिली असेल तीच खरी, हातातलं साधं घड्याळ तिला लावा, आणि सुटण्याच्या अर्धा तास आधी आत असा.

परत आल्यावर नऊला जेवायला पळू नका. या वेळी उजव्या बाजूच्या डेकवर जा. जहाज वळून खाडीतून बाहेर निघतं तेव्हा आधी लाल दार जातं, मग तुम्ही बसला होतात तो बाक, मग ती भिंत, आणि शेवटी दिवे लावलेला एल मोरो. त्याच्या तोफांच्या बरोबर पल्ल्यातून तुम्ही जात असता. डायनिंग साडेनऊपर्यंत चालू असतं, आमची पोरं थांबतात.